बुजगावण्यासाठी केक

हार्लन बिटनरला कोबी खाऊ घालायचा, आणि तोही त्याच्या नकळत, हे आर्डिथ लेम्केने सप्टेंबरातच ठरवून टाकलं होतं. केकचं मागाहून सुचलं.

एडेलबर्गच्या चर्चमध्ये दर नोव्हेंबरात मोठी जेवणावळ होते. सॉसेज, उकडलेले बटाटे, आणि आर्डिथचा आंबवलेला कोबी. ऑगस्टात कोबी बारीक चिरायचा, मीठ लावून चुरायचा, सासूच्या वेळच्या कमरेएवढ्या बरणीत दाबून भरायचा, वर ताटली आणि ताटलीवर नदीतला धोंडा ठेवायचा. एकतीस वर्षं यात खंड नव्हता. यंदा बरणी भरून झाली, धोंडा ठेवून झाला, आणि मग सप्टेंबरच्या बैठकीत जेवण समितीचा प्रमुख हार्लन घसा खाकरून म्हणाला, "कोबी बंद करू या. कुणी खात नाही. वास तेवढा तळघरात ईस्टरपर्यंत राहतो."

समितीत पाच जण. आर्डिथ धरून दोघं कोबीच्या बाजूचे, दोघं हार्लन म्हणेल तिकडे बघणारे, आणि पाचवा खुद्द हार्लन. निर्णय नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी व्हायचा होता.

कोण किती वाढून घेतं आणि कोण किती ताटात टाकतं, हे आर्डिथला तोंडपाठ असे. वाढणाऱ्या बाईला दुसरा विरंगुळा तरी काय असतो? डॉक्टरांची बायको आपण डाएटवर आहोत असं सांगून दोनदा घेते, पोस्टमास्तर सॉसेजखाली कोबी लपवतो, आणि हार्लन बिटनर एकतीस वर्षं ताट पुढे करून म्हणतो, "मला नको." म्हणजे 'कुणी खात नाही' यातला 'कुणी' हा एकटाच. त्याने कोबी एकदाही तोंडात घातला नव्हता.

"त्याला एकदा खायला लावायचं," आर्डिथ आपल्या नणंदेला म्हणाली.

"तुझ्या हातचा कोबी? वहिनी, त्यापेक्षा तो बरणी चावून खाईल," ट्वायला म्हणाली.

"केकमधून."

ट्वायलाने हातातला कप खाली ठेवला. ती सत्तरीची, चर्चचा पियानो वाजवणारी, आणि असल्या कामात कुणी विचारायची वाट न बघणारी बाई होती.

केकमध्ये आंबट कोबी घालणं हे आर्डिथचं डोकं नव्हे. तिची आई घालत असे. कोबी चांगला धुऊन, पिळून, बारीक चिरून काळ्या चॉकलेट केकमध्ये घातला की केक चार दिवस ओलसर राहतो, आणि खाणारा विचारतो, खोबरं घातलंय का? विस्कॉन्सिनच्या या भागातल्या म्हाताऱ्यांना हे ठाऊक आहे. त्यांच्या सुना खोक्यातलं तयार पीठ आणतात, त्यांना नाही.

राहता राहिला प्रश्न हार्लनच्या हातात केक पोचवायचा. त्याची सोय हॅलोवीनला आपोआप होती. त्या संध्याकाळी चर्चच्या तळघरात सगळे सोंगं घेऊन जमतात आणि केकची फेरी खेळतात. जमिनीवर कागदाचे वीस गोल चिकटवलेले, त्यातल्या एकावर भोपळा काढलेला. पियानो सुरू झाला की सगळे गोलागोलावरून चालायला लागतात. पियानो थांबला की भोपळ्यावर जो उभा, केक त्याचा. आणि पियानो कधी थांबवायचा ते ट्वायलाच्या बोटांत होतं.

"पण मुखवट्यात मला हार्लन ओळखू कसा येणार?"

"तो गेली बावीस वर्षं काय होतो?"

"बुजगावणं."

"तीच टोपी, तोच पेंढा, तोच गोणपाटाचा मुखवटा. बायकोने तीनदा फेकायला काढला, तीनदा त्याने कचऱ्यातून परत आणला. बुजगावण्याचा पाय भोपळ्यावर पडला की हात उचल."

"वहिनी, चर्चमध्ये लबाडी करायला लावतेस."

"लबाडी कसली? थांबवायचा तर तुला आहेच. कधीतरी थांबवणारच ना तू?"

एक अडचण होती. तीन वर्षांपूर्वी एका पोरीचा चेहरा अक्रोडाने सुजला होता, तेव्हापासून प्रत्येक केकबरोबर त्यात काय काय घातलंय त्याचं कार्ड द्यावं लागे. आर्डिथने भावजयांना, जावांना, विमा विकणाऱ्याला हवं ते सांगितलं असतं. चर्चच्या कार्डावर मात्र तिच्या हातून खोटं लिहिलं गेलं नसतं. तिने सगळं खरं लिहिलं, पाकिटात घातलं, पाकीट बंद केलं आणि केकच्या ताटाला खालून चिकटवलं. हार्लन खालून काही वाचणाऱ्यातला नव्हता. तो औषधाची बाटली वरूनही वाचत नाही, असं त्याची बायको कोरीन म्हणे. घरी नेईल, दोन दिवसांत फस्त करेल, ताट धुताना कोरीनला पाकीट सापडेल. मग रविवारी 'कुणी खात नाही' म्हणताना त्याचं तोंड कसं होतं ते बघायचं, एवढाच आर्डिथचा बेत.

हॅलोवीनच्या सकाळी तिने बरणीतून वाटीभर कोबी काढला. चार पाण्यांनी धुतला. फडक्यात घालून असा पिळला की ट्वायला म्हणाली, "हार्लनची मान समजून पिळतेस की काय?" मग सुरीने चिरून चिरून त्याचा पार भुगा केला. टिनांना लोणी लावून वरून मैद्याऐवजी कोको भुरभुरला, म्हणजे काळ्या केकवर पांढरे डाग नकोत. लोणी, साखर, अंडी फेसून झाली. मैदा आणि कोको चाळून झाला. पाण्याऐवजी कडक काळी कॉफी गेली, आणि शेवटी कोबी.

तीन थर भट्टीतून निघाले तेव्हा घरभर फक्त चॉकलेटचा वास होता. आर्डिथने थर गार होऊ दिले, लांब सुरीने त्यांचे फुगलेले माथे कापून सपाट केले आणि कापलेला तुकडा ट्वायलाच्या तोंडात घातला.

ट्वायलाने डोळे मिटून खाल्ला. "मला माहीत आहे आत काय आहे ते," ती म्हणाली, "आणि तरी मला सापडत नाहीये."

थरांमध्ये आणि वरून काळंभोर आयसिंग लागलं. वर पांढऱ्या आयसिंगची वर्तुळं काढून टूथपिकने आतून बाहेर ओढली, कोळ्याचं जाळं झालं. जाळ्यात कोळी नव्हता. त्या दिवशी कोळ्याचं काम आर्डिथच करत होती.

सहा वाजता तळघर भरलं. दोन चेटकिणी, एक गाय, एक दात पडलेला समुद्री चाचा, आणि आयत्या वेळी आठवण झाल्यासारखं डोक्यावरून चादर घेतलेलं, डोळ्यांपुरती भोकं पाडलेलं एक उंच भूत. बुजगावणंही होतं. पेंढा बाह्यांतून बाहेर येत होता, मुखवट्यावर तेच वेडंवाकडं हसू. आर्डिथने ट्वायलाकडे पाहिलं. ट्वायलाने पियानोवर बोटं मोडली.

फेरी सुरू झाली. बुजगावणं पहिल्या चकरेत भोपळ्याच्या मागेच रेंगाळलं. दुसऱ्या चकरेत त्याने भोपळ्यावर पाय टाकला मात्र, पियानो ओळीच्या मधेच असा थांबला की गाय चेटकिणीवर आदळली.

"आज लवकर थांबवलंत, ट्वायलाकाकू," समुद्री चाचा म्हणाला.

"सांधे दुखतात," ट्वायला म्हणाली.

बुजगावण्याने दोन्ही हात वर केले आणि मुखवटा काढला. आतून निघाल्या नव्या पाद्रीबाई, मारेन ओयलर. वय तिशीच्या आसपास, उंची हार्लनइतकी, ऑगस्टात ॲरिझोनातून आलेल्या.

"मी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी जिंकले," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे सोंगच नव्हतं. हार्लनने आपलं दिलं बिचाऱ्याने."

आर्डिथने हार्लनच्या नावापुढे लिहिलेल्या सगळ्या गोष्टींत 'बिचारा' हा शब्द नव्हता. तिने ट्वायलाकडे बघितलंच नाही. बघितलं असतं तर दोघींना तिथे हसू आवरलं नसतं, किंवा रडू.

पुढे आणखी बिघडलं. पाद्रीबाई म्हणाल्या, "मी एकटी एवढा केक कुठे खाणार? इथेच कापू या." म्हणजे केक हार्लनच्या घरी जाणार नव्हताच, वर सगळ्या गावाच्या पोटात जाणार होता. आणि हार्लन कुठे दिसत नव्हता. कोरीन गायीच्या वेशात एकटीच फिरत होती. सोंग देऊन टाकलं म्हणजे गडी घरी बसला असणार, असं आर्डिथने धरलं. दोन महिन्यांचा बेत, आणि ज्याच्यासाठी केला तोच गैरहजर.

सुरी तिच्याच हातात आली. ती मुकाट्याने कापत आणि वाढत राहिली. सवयीने मोजतही राहिली. डॉक्टरांची बायको, एक, "अगदी लहान", मग दुसरा, "तेवढाच". समुद्री चाचा, दोन. उंच भूत, एक. भुताला तोंडाची जागा नव्हती, त्यामुळे ते बशी चादरीच्या आत घेई आणि रिकामी बाहेर काढी. भूत, दोन. भूत काही बोलत नव्हतं, नुसती बशी पुढे करत होतं. भूत, तीन.

"यात खोबरं आहे का हो?" चेटकिणींपैकी एकीने विचारलं. "नाही, बाधेल असं नाही, पण पोराला सुकामेवा चालत नाही म्हणून."

"कार्ड असतं ना," पाद्रीबाई म्हणाल्या. त्यांनी ताटाखाली हात घातला, पाकीट फोडलं आणि प्रवचन वाचावं तशा खणखणीत आवाजात वाचायला लागल्या. "मैदा. कोको. लोणी. साखर. अंडी. काळी कॉफी. आंबवलेला कोबी, एक वाटी." त्या थांबल्या. "कोबी?"

तळघरात कुणी चघळेना. मग डॉक्टरांच्या बायकोने हळूच विचारलं, "आपला कोबी? बरणीतला?"

"आपलाच," आर्डिथ म्हणाली. "सुकामेवा नाही. पोराला द्या खुशाल."

कुणीतरी हसलं आणि मग सगळेच हसले. पोस्टमास्तर म्हणाला की त्याला पहिल्या घासालाच कळलं होतं, आणि त्यावर कुणाचाच विश्वास बसला नाही. या गोंधळात एक जण तेवढा हलला नव्हता. भूत टेबलापाशी बशी हातात घेऊन उभं होतं, आणि बशी धरलेल्या अंगठ्याचं नख काळंनिळं होतं.

ते नख सगळ्या गावाने पाहिलं होतं. मंगळवारी ट्रेलरच्या हुकात सापडलेलं. हार्लनने दुकानात, बँकेत आणि चर्चच्या पायरीवर ज्याला त्याला दाखवलं होतं.

आर्डिथच्या हातात सुरी होती आणि जिभेवर वाक्य तयार होतं. चादर ओढायची, बस. वीस माणसं साक्षीला, तीन तुकडे पोटात. आयुष्यभर पुरेल इतकं हसू झालं असतं. पण हार्लनला ती चाळीस वर्षं ओळखत होती. शाळेच्या छपराच्या वादात लोक त्याला एकदा हसले, तर बारा वर्षं तो त्या छपराखाली गेला नाही. चारचौघांत हसलं गेलेलं बिटनरांचं डोकं पाचरीसारखं घट्ट बसतं. आज हसू घ्यायचं की रविवारी मत घ्यायचं, एवढंच होतं. दोन्ही मिळणार नव्हतं.

पियानोवरून ट्वायलाने भुवया उंचावल्या. तिलाही नख दिसलं होतं.

आर्डिथने तिच्याकडे पाठ केली. केक ताटात फिरवला, जिथे आयसिंग सगळ्यात जाड होतं तिथून हातभर नव्हे पण चांगला जाड तुकडा कापला, आणि इतरांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू विचारलं, "भुताला आणखी?"

चादर बराच वेळ नुसती श्वासाबरोबर आतबाहेर होत राहिली. आता बशी खाली ठेवली तर कोबीमुळे ठेवली असं झालं असतं. पुढे केली तर कोबी आवडल्याची कबुलीच झाली असती. भोकांतून दोन डोळे तिच्याकडे बघत होते, चोरी पकडलेल्या कुत्र्याचे असतात तसे.

बशी पुढे आली.

"आमेन," आर्डिथ म्हणाली आणि तुकडा ठेवला. भूत जिन्याकडे निघून गेलं.

"सोडलंस त्याला?" ट्वायला नंतर भांडी पुसताना म्हणाली. "हातात आलेला सोडलास? वहिनी, तुला बरं नाहीये का?"

"रविवारी बोलू."

शनिवारचा दिवस आर्डिथला फार जड गेला. तिने तीन जणींना फोन लावला आणि तिन्ही वेळा हवापाण्याचं बोलून ठेवून दिला. इतकी मोठी गोष्ट पोटात ठेवायची तिला सवय नव्हती.

रविवारी समिती बसली. कॉफी झाली. हार्लनने घसा खाकरला, कागद सरळ केला, पुन्हा वाकडा केला, आणि म्हणाला, "कोबीबद्दल. मी जरा चौकशी केली. लोकांना आवडतो, असं दिसतं. राहू दे."

त्याच्या बाजूच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "किती जणांकडे चौकशी केलीस?"

हार्लनने आर्डिथकडे पाहिलं. आर्डिथ कोटाचं बटण बघत होती.

"चौघांकडे," हार्लन म्हणाला.

"आकडा बरोबर आहे," आर्डिथ बटणाला म्हणाली.

मत पाचाला शून्य झालं. फक्त बरणी मागच्या अंगणात उघडायची, तळघरात नाही, अशी एक अट हार्लनने घातली. आर्डिथने त्यावर अर्धा तास वाद घातला, कारण लगेच मान्य केलं असतं तर त्याला संशय आला असता. शेवटी बरणी स्वयंपाकघराच्या दारात उघडायची ठरली. तिथून वास तळघरात सरळ उतरतो, हे हार्लनच्या ध्यानात यायला जेवणावळीचा दिवस उजाडावा लागणार होता.

बाहेर गाड्यांपाशी कोरीन बिटनर तिच्यासाठी थांबली होती. तिने इकडेतिकडे बघितलं.

"आर्डिथ, एक विचारू? पांढऱ्या चादरीवरचा चॉकलेटचा डाग कशाने जातो गं? आतल्या बाजूला आहे. हा एवढा पट्टा, हनुवटीपासून पोटापर्यंत."

"आधी गार पाणी," आर्डिथ म्हणाली. "गरम घालू नकोस, डाग पक्का बसेल. मग साबण लावून रात्रभर भिजव."

"तो म्हणतो, गंजाचा आहे."

"मग लिंबू लाव," आर्डिथ म्हणाली, आणि गाडीत बसून दार लावून घेतल्यावर मगच हसली.