आखाजीच्या दुसऱ्या दिवसाची छागल

मित्रांनो, मला ओळखलंत का? मी छागल, जाड कापडाची, लाकडी बुचाची पाण्याची पिशवी. नंदुरबारच्या एका शिंप्यानं मला शिवलं आणि कोरीटच्या सुपडू आबांनी घरी आणलं. तेव्हा ते तरणेताठे होते. माझं काम साधं. अंगातून पाणी हळूहळू झिरपतं, त्याला वारा लागतो आणि आतलं पाणी गार होतं. तुमच्या फ्रिजला वीज लागते, मला नुसता वारा पुरतो. थोडा तोरा आहे मला, असू द्या.

वर्षातला एक दिवस खास माझा असे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आबा गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरत आणि दुसऱ्या दिवशी जित्या मित्रांसाठी मला. जीपच्या पुढं मला बांधून ते आणि हेमकांत तोरणमाळला निघत. तिथं तळ्याकाठच्या जांभळीखाली रेवजी वाट पाहत असे. तिघे शहाद्याच्या वसतिगृहात एकत्र शिकलेले. रेवजी डोंगरातला, त्यानं दाखवल्याशिवाय या दोघांना काही दिसत नसे. बुडी मारून भलतीकडेच वर येणारं टिबुकलीचं पाखरू, वारूळ उकरून गेलेल्या अस्वलाच्या नखांच्या खुणा. एकदा तर भर दुपारी अस्वलाची मादी पिल्लाला पाठीवर घेऊन समोरच्या काठावर पाणी प्यायला आली. रेवजीनं नुसता हात वर केला. माझ्या बुडातून पडणाऱ्या थेंबांचाच काय तो आवाज. ती निघून गेल्यावर रेवजी घटाघटा प्यायला आणि म्हणाला, एवढं गोड पाणी आमच्या डोंगरातही नाही. ते कौतुक मी अजून जपून ठेवलंय.

पुढं हेमकांत मुलाकडे सुरतेला गेला. आबांचे गुडघे गेले. रेवजीचा फोन लागेनासा झाला. मी मागच्या खोलीत खिळ्याला लटकले, ती नऊ उन्हाळे. धुळीचं मला काही नव्हतं, पण तळ्याची आठवण फार यायची. दर आखाजीला घागर भरताना आबा थबकायचे. रेवजीच्या नावाची भरावी का, हे त्यांना ठरवता येत नसे. भरली नाही त्यांनी, एकदाही नाही.

यंदा त्यांची नात काजल, लोणखेड्याच्या कॉलेजात शिकणारी, मैत्रिणींबरोबर तोरणमाळला निघाली. आबांनी हट्टानं तिला आखाजीचा दुसराच दिवस धरायला लावला आणि तीन दिवस आधीच मला खाली काढायला सांगितलं. तिनं मला भरलं आणि मी चहूकडून गळायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आबा, हाई फाटेल शे. फेकी दिऊ?"

"फाटेल नही शे," आबा म्हणाले. "तिले तीस लागेल शे. दोन दिन पानीमा ऱ्हाऊ दे."

खरंच तहान होती ती. गुरांच्या हौदात दोन दिवस भिजल्यावर माझे धागे फुगले आणि गळती थांबली.

तळ्यावर पोचलो तर जांभळीखाली एक म्हातारा काठी टेकून बसलेला. पोरींना तो ओळखत नव्हता. त्यानं मला पाहिलं आणि धडपडत उठला. दरवर्षी या दिवशी तो येऊन संध्याकाळपर्यंत बसत होता.

"सुपडू?" त्यानं विचारलं.

काजलनं सांगितलं, आबा बरे आहेत, फक्त गुडघे साथ देत नाहीत. तेव्हा कुठं तो खाली बसून पोटभर प्यायला. मग जवळच्या झऱ्यावर नेऊन त्यानं मला काठोकाठ भरलं.

"हाई पानी सुपडूलेच देजो," तो काजलला म्हणाला. "रस्तामा कोनी पेवानं नही."

घाट उतरताना पोरींच्या बाटल्या संपल्या, तरी कुणी मला हात लावला नाही. पण मित्रांनो, झिरपणं हा माझा स्वभाव, त्यात कापड जुनं झालेलं. आयुष्यभर मिरवलं त्याचीच त्या दिवशी मला लाज वाटली. एकेक थेंब धरून ठेवावासा वाटत होता आणि धरता येत नव्हता.

कोरीटला पोचलो तेव्हा आत दोन घोट उरले होते. काजलनं रेवजीचा निरोप सांगितला. आबांनी दोन्ही घोट डोळे मिटून घेतले आणि बराच वेळ मला मांडीवर घेऊन बसले. पुढच्या आखाजीला उचलून न्या, पण न्या, एवढंच म्हणाले.

तुमच्याही घरात माझ्यासारखं काही खिळ्याला टांगलेलं असेल. पहिल्या गळतीला त्याला फेकू नका. दोन दिवस भिजू द्या. आणि त्याची वाट पाहत कुणी बसलं असेल, तर नऊ उन्हाळे लावू नका.

आबा आता रोज सकाळी मला भरून ओट्यावरच्या खांबाला टांगतात. आखाजीला अजून दहा महिने आहेत. तोवर मी ओली राहीन.