पुल म्हणजे ढकल

मित्रांनो, मी एक जुनी पितळी पाटी आहे. कपडे शिवण्याच्या एका कारखान्याच्या काचेच्या दारावर, हँडलच्या जरा वर, मला बसवलं आहे. माझ्या अंगावर एकच इंग्रजी शब्द आहे, पुल. बाकीच्यांना बोलायला हजार शब्द मिळतात, मला मात्र एकावरच जन्म काढायचा आहे.

ज्या कारागिराने मला कोरलं, त्याला इंग्रजी येत नव्हतं. मालकांनी शब्द वाचून दाखवला तेव्हा त्याने विचारलं, "कुठला पूल?"

"पूल नाही हो, पुल. म्हणजे ओढा."

"मग तेच की. ओढा आला म्हणजे पूल आलाच," असं म्हणून तो कामाला लागला. त्याच्या हातची अक्षरं अजून झिजलेली नाहीत.

काचेच्या आतल्या बाजूला माझी जुळी बहीण आहे. ती म्हणते ढकला, मी म्हणते ओढा, आणि दार एकच. सुरुवातीला आमचं भारी कौतुक झालं. रोज घासूनपुसून लख्ख करायचे. पुढे सगळे विसरले. त्याचं मला वाईट वाटत नाही. मला लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. चांगली शिकलेली माणसंसुद्धा माझं दार ढकलतात, आतले हसतात, आणि बिचारा बाहेरचा माणूस ओशाळून आत येतो. वाट दाखवायला नेमलेली मी, रोज कुणाला तरी खाली मान घालायला लावते.

एका सकाळी एक बाई लेकीला घेऊन आली. नवऱ्याचं काम सुटलं होतं आणि इथे शिलाईचं काम मिळालं तरच घर चालणार होतं, हे मायलेकींच्या बोलण्यातूनच मला कळलं. लेक शाळेत इंग्रजी शिकत होती, म्हणजे घरातली पंडितच. बाईने हँडल धरलं आणि सवयीने ओढलं. दार बोटभर उघडलंसुद्धा. तेवढ्यात लेकीने मला वाचलं.

"आई, पुल लिहिलंय. पुल म्हणजे ढकल."

आईने लगेच हँडल सोडलं आणि ढकलायला लागली. दार हलेना. आतल्या कारकुनाने हाताने 'ओढा, ओढा' अशी खूण केली. बाहेरून ती 'या, या' अशी दिसली. मग काय, दोघींनी मिळून आणखी जोर लावला. आत हशा पिकला. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अखेर कोणीतरी उठून दार उघडलं. लेक लालबुंद झाली होती. "तुला साधं दार उघडता येत नाही का गं? सगळे हसले तुझ्यामुळे."

आई आत गेली. ती बरोबर होती, हे मला सांगायचं होतं. पण माझ्याकडे तो एकच शब्द, आणि तोही कोणी नीट वाचला तर.

मुलगी बाहेरच थांबली. थोड्या वेळाने एक माणूस आला, त्याने माझ्याकडे न बघताच दार ओढलं आणि आत गेला. मुलीने मला पुन्हा वाचलं. ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटली आणि तिचा चेहरा उतरला.

आई बाहेर आली. "मशीनवर बसवलं होतं," ती म्हणाली. "पण दारातलं ते हसू डोक्यातून जाईना, सुईत दोरा ओवताच आला नाही. कळवतो म्हणाले."

"आई, पुल म्हणजे ओढ."

"हो गं. आधी उघडत होतं की ते."

"मग ढकललंस कशाला?"

"तू सांगितलंस म्हणून."

मुलीला आईकडे पाहवेना. मलाही पाहवलं नाही.

मित्रांनो, मला घासून लख्ख केलं नाहीत तरी चालेल. पण दारापाशी कोणी अडलेलं दिसलं, तर हसत बसू नका. उठा. आतून दार ढकलायला एक हात पुरतो.