दुकानापुढची जास्वंद

बूटवालीच्या दुकानापुढे तिच्या वडिलांनी लावलेली जास्वंद होती. बारमाही हिरवीगार आणि लाल फुलांनी लगडलेली. वडील टाचा बसवायचे, शिवण घालायचे आणि काम झालं की एक फूल तोडून काळ्या चामड्यावर चोळायचे. अशी झळाळी यायची की गिऱ्हाईक बूट घालायच्या आधी त्यात तोंड बघून घ्यायचं. वडील गेले, दुकान लेकीकडे आलं, पण शेवटचा हात फुलाचाच राहिला. घरी सासूबाई त्याच झुडपाची पानं चुरगाळून बुळबुळीत रसाने केस धुवायच्या आणि सुनेला ऐकवायच्या, "तुझ्या माहेरचं एवढंच काय ते कामाचं निघालं!"

मग रस्त्याकडेने गटाराचे पाइप टाकायचं ठरलं आणि जास्वंद आडवी आली. मुकादम भला माणूस. "ताई, उद्या सकाळी तोडणार. न्यायच्या त्या फांद्या आजच न्या," म्हणाला.

तिने भारा घरी आणला. सासूबाईंनी सांगितलं तशी फार कोवळी नाही, फार जून नाही अशी फांदी निवडली, पान फुटतं त्या डोळ्याखाली तिरपा काप घेतला, शेंड्याची दोन पानं ठेवली आणि वाळू-माती कालवून कुंड्यांत काड्या खोचल्या. कुंड्या सावलीत गेल्या. "आता विसर त्यांना," सासूबाई म्हणाल्या. "माती ओलसर ठेव, पण हात लावू नकोस."

इथेच घोडं पेंड खात होतं. बापाने तिला शिकवलं होतं, ओढून बघितल्याशिवाय काहीही गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचं नाही. त्यामुळे शिवण घातली की ओढ, टाच ठोकली की हलव, ही सवय हाडीमासी खिळलेली. सकाळी दुकानात जाताना ती एखादी काडी हळूच उपसून बघायची, संध्याकाळी दुसरी. कुठे पांढरं मूळ दिसलंच, तर परत खोचताना तेही मोडायचं. सासूबाई ओरडून थकल्या. जित्याची खोड, दुसरं काय!

एकेक काडी काळी पडली. शेवटची वाळली तेव्हा ती रिकाम्या कुंडीपाशी बसून रडली. दुकानापुढे आता नुसतं सिमेंट होतं. बाबांनी लावलेलं तिच्याच हातांनी संपलं होतं.

"रडून झालं असेल तर जरा माझ्या शेंगा तोड," सासूबाई म्हणाल्या.

मागच्या अंगणात त्यांचा घेवड्याचा वेल एका काठीवर चढला होता. शेंगा तोडताना तिचा हात थबकला. पानं बाजूला सारून ती बघतच राहिली. काठीलाच पालवी फुटली होती, आणि ती पानं घेवड्याची नव्हती.

"आई! ही आपली जास्वंद?"

"मग काय! भाऱ्यातलीच फांदी आहे."

"मुद्दाम लावलीत?"

"तुझे हात मला माहीत नाहीत? जास्वंद म्हणून लावली असती तर उपटलीच असतीस. पण माझा वेल हलवायची तुझी काय बिशाद! म्हटलं, माझ्या तोंडाला भितेस, त्याचं एकदा तरी चीज होऊ दे."

तिने रडत-हसत सासूबाईंना मिठीच मारली. "तुमचे उपकार कसे फेडू, आई?"

"शेंगा चिरून."

वेल संपल्यावर काठी तिथेच राहिली आणि तिचं झुडूप झालं. पहिलं फूल उमललं तेव्हा तिने सासूबाईंची झिजलेली काळी चप्पल घेतली, सुटलेला पट्टा शिवला आणि ते फूल चामड्यावर चोळलं.

"अगं, पहिलं फूल चपलेला?"

"बाबांनी तुमच्यासाठी हेच केलं असतं."

चप्पल सासूबाईंच्या हाती देण्याआधी तिची बोटं सवयीने पट्ट्याकडे गेली आणि मध्येच थांबली.

"ओढ, ओढ," डोळे पुसत सासूबाई म्हणाल्या. "चपलेला मुळं नसतात."