चण्याचा तास

प्रेमिलाबाईंनी गुणांचा तक्ता दोनदा तपासला. वस्ती तीच, वर्ग चौथीचाच, प्रश्नही तेच. तरी सकाळी खो-खो खेळणाऱ्या ‘अ’ तुकडीला गणितात सरासरी सहा गुण जास्त. ‘ब’ तुकडी त्याच तासाला गणितं सोडवत बसायची. हेडमास्तर महादेवराव येत्या शनिवारपासून खेळाचा तास बंद करणार होते. “स्कॉलरशिपची परीक्षा डोक्यावर, अन् पोट्टे मैदानात धावून राहिले!” आता त्यांच्यापुढे हा कागद ठेवला की झालं.

सहज म्हणून बाईंनी ‘अ’मधल्या मनकर्णाला विचारलं, “काय वं, खेळलं की गणित बरं सुटते काय तुमचं?”

“चणे भेटतेत ना, बाई.”

“कोणते चणे?”

“भिजवलेले. खेळ झाला की बायजाबाई देते मूठभर. ‘ब’वाल्यांले नाही देत. जळतेत ते आमच्यावर!”

शिपाईण बायजाबाईने कबूल केलं. “घरून उपाशीच येतेत सारे. दमलेल्या लेकरायले तसंच वर्गात धाडू काय?”

प्रेमिलाबाईंनी गुणांचा तक्ता बाजूला सारला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगशाळेतला पहिला धडा. इथे तर दोन बदलल्या होत्या. गुण पायांनी दिले की पोटाने?

मंगळवारपासून त्यांनी ‘ब’ तुकडीला घंटेआधी नुसते चणे द्यायला लावले. शुक्रवारच्या चाचणीत ‘ब’चे पाच गुण वाढले. म्हणजे चणेच! खेळाचा तास गेलाच म्हणायचा.

“नुसते चणे कुठं, बाई?” बायजाबाई हसली. “पोटात पडले की टाकीभोवती शिवाशिवी खेळतेत, घंटा होईस्तोर.”

“मी तर फक्त खायला सांगितलं होतं!”

“पोट भरलेलं लेकरू एका जागी बसते काय?”

शनिवारी महादेवरावांनी गुणांचा तक्ता पाहत विचारलं, “मग? खेळानं गुण वाढतेत की नाही?”

“माहीत नाही, सर.”

“मग करतो बंद.”

“नका करू. दोन्ही तुकड्यांना खेळ द्या, चणेही द्या. आपण नेमकं काय काढून घेतोय, हे कळल्याशिवाय काही काढू नये.”

महादेवरावांनी टोपी काढून डोकं खाजवलं. “बरं, परीक्षेपर्यंत चालू द्या. पण बाई, वेळापत्रकात तास कशाचा लिहू?”