आवाज दिला होता का?

"मी बोललोच आसंन," रविराज हरपळे म्हणाला. "ताईंनी टाइप केलं म्हंजी मी बोललोच आसंन. माझा आवाज आल्याबिगर त्या हात लावत न्हाईत. अकरा वर्सं बघतोय मी."

"म्हणजे मशीन बंद व्हायच्या आधीच आपण 'बंद केली' म्हणालात. वा," मॅनेजर पूर्वा आगाशे म्हणाली आणि तिने वहीत लिहून घेतलं.

टेबलाच्या पलीकडे ताई, म्हणजे विजयमाला मेश्राम, पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत होती, लावत होती. तोंड उघडायची वेळ हीच होती. ती पाणी प्यायली.

हडपसरच्या त्या ऑफिसातून ही मंडळी परदेशातल्या हॉस्पिटलांच्या चार मेनफ्रेम चालवत. संगणक चार, पण डेटा एकच. सगळ्यांनी त्यातच लिहायचं, त्यातलंच वाचायचं. एका स्वयंपाकघरात चार जावा म्हणा ना. एकीला भोवळ आली तर तिचं काम बाकीच्या उचलतात, पण आधी तिला चुलीपुढून उठवावं लागतं, नाहीतर भाजीत मीठ दोनदा पडतं. म्हणून एखादी मशीन गप्प झाली की विजयमालाच्या स्क्रीनवर प्रश्न यायचा, ही खरंच बंद केलीत का? पलीकडच्या टेबलावरून रविराजने ती बंद करायची, मोठ्याने "बंद केली" असा आवाज द्यायचा, आणि मगच विजयमालाने 'डाउन' असं उत्तर टाइप करायचं. रीत एवढीच होती.

चौकशीच्याच दिवशी, सोमवारी सकाळी अकराला तीन नंबरची मशीन गप्प झाली. परदेशातला साहेब फोनवर विजयमालाच्या मागे लागला होता. तिच्या हाताच्या वेगाचं याच साहेबाने मेलमध्ये कौतुक केलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते तिच्या डोक्यात गेलं होतं. रविराज अजून पासवर्डच घालत होता. करतोच आहे तो, असं म्हणून तिने 'डाउन' ठोकून दिलं. पण मशीन मेलेली नव्हती. पुढचे चाळीस सेकंद ती लिहीत राहिली, आणि तिचं काम उचललेल्या बाकीच्याही तिथेच लिहीत राहिल्या. हजारभर रुग्णांचे रक्ताचे रिपोर्ट एकमेकांत मिसळले. त्या बिचाऱ्यांना पुन्हा सुई टोचून घ्यायला बोलावलं गेलं.

उत्तर आधी आणि मशीन बंद नंतर, हे नोंदीत स्वच्छ दिसत होतं. फक्त रविराजने आवाज आधीच दिला होता का, हे कुठल्याच नोंदीत नव्हतं. ते दोघांनाच ठाऊक.

सव्वीस वर्षांत विजयमालाच्या नावावर एक डाग नव्हता. भंडाऱ्याहून आलेली, घराण्यातली पहिली नोकरदार बाई. वाघोलीत तिच्या घरी नातलग जमले की तिच्याकडे बोट दाखवून आपापल्या मुलींना 'अशी हो' म्हणायचे. आज नाही, उद्या सांगू, असं करत तिने मंगळवार घालवला. त्या दिवशी रविराजला मशीनवरून काढून जुन्या फायली लावायला बसवलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, ती दिवसभर त्या टेबलाकडे बघायचं टाळत राहिली.

बुधवारी कँटीनमध्ये तो आपणहून डबा घेऊन तिच्यासमोर बसला.

"ताई, एक इचारू? सोमवारी मी किती मोठ्यानं बोललो होतो?"

"का हो?"

"बोलल्याचं मला काय केल्या आठवंना. माझ्या आईचं आसंच सुरू झालं होतं. गॅस बंद केला म्हनायची, आन् तो चालूच. शेवटी तर मलाबी वळखत नव्हती." त्याने भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "घरवालीनं, नंदानं, उद्याची डाक्टरची वेळ घेतलीय. डोक्याचा फोटो काढायचाय. पोरींना आजून सांगितलं न्हाई."

विजयमालाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण नाव राखायला गेलो आणि या भल्या माणसाचा स्वतःच्या डोक्यावरचाच विश्वास उडवला. तिला स्वतःची किळस आली.

"रविराजभाऊ, तुम्ही बोललाच नव्हता."

"आं?"

"मी वाटच नाही पाहिली. तुम्ही तोंड उघडायच्या आधीच मी टाइप केलं. सोमवारपासून मला माहीत आहे. पूर्वाला आता लगेच लिहून देते."

फुरसुंगी गावातला रांगडा माणूस, तो शिव्या घालेल, निदान डबा तरी आपटेल, असं तिला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पण त्याने खिशातून फोन काढला.

"नंदा, उद्याचं डाक्टरचं रद्द कर. न्हाई गं, मला काय झालेलं न्हाई. मी बोललोच नव्हतो." त्याचा आवाज फाटला. "मग आठवंल कसं?"

आजूबाजूची माणसं जेवता जेवता थांबली. त्याने मोकळ्या हाताने डोळे झाकून घेतले. विजयमाला उभी राहिली. तो काहीतरी बोलेल म्हणून थांबली.

फोन ठेवून त्याने डोळे पुसले, डब्याची झाकणं एकेक करून नीट लावली आणि पिशवी उचलली. टेबलांच्या मधल्या वाटेत ती उभी होती.

"जरा जाऊ द्या, मॅडम," तो म्हणाला.