उलट्या लागलेल्या तारा

माझ्या नाकावर राग असतो, गिरगावात कोणालाही विचारा. भाजीवाल्यापासून वाचनालयाच्या शिपायापर्यंत सगळे मला सांभाळून घेतात. सांभाळून न घेणारा एकच माणूस, नायगावच्या बीडीडी चाळीतला गणपत. परळच्या एका गिरणीत मी ड्रॉइंग ऑफिसात होतो आणि तो फिटर होता. गिरणी बंद पडली, आम्ही वेगवेगळ्या नोकऱ्यांना लागलो, पण विमानांचं वेड काही सुटलं नाही. पस्तीस वर्षं आम्ही दोघं मिळून रिमोटवर चालणारी विमानं बांधत आणि उडवत आलो. नकाशे खोताच्या वाडीजवळच्या माझ्या घरी निघायचे आणि बांधणी गणपतच्या खोलीत व्हायची. भुसा आणि रोगणाचा वास अंबिकावहिनींनी कसा सोसला ते त्यांनाच ठाऊक. माझ्या घरात तो कोणी अर्धा दिवस सोसला नसता.

शेवटचं विमान सगळ्यात मोठं होतं. एकावर एक दोन पंखांचं, बायप्लेन. पंखांची लांबी नऊ फूट, आणि ती काही शास्त्राने ठरली नव्हती. खोली एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी मोजली, त्यातून पलंग, कपाट आणि देव्हारा वजा केला, उरले ते नऊ फूट. इंजिन झाडं कापायच्या करवतीचं. गणपतने ते उघडून, तासून, पुन्हा जुळवून विमानाजोगं केलं होतं. पंखांवर कापड मी ताणलं आणि रोगणाचे चार हात मी दिले. अडीच वर्षं गेली त्यात.

एवढं धूड चाळीच्या जिन्यावरून उतरत नाही. म्हणून पंख काढून न्यायचे आणि मैदानावर पुन्हा लावायचे. पंखांच्या मागच्या कडेला झडपा असतात, त्या वरखाली झाल्या की विमान उजवीकडे किंवा डावीकडे कलतं. त्या झडपांकडे जाणाऱ्या दोन तारा विमानाच्या पोटातल्या एका खिट्टीच्या दोन टोकांना अडकवायच्या. डावी डावीकडे, उजवी उजवीकडे. अदलाबदल झाली की संपलं, उजवीकडे वळवायला जावं तर विमान डावीकडे कलणार. म्हणून आमचा एक नियम होता. एकाने रिमोट धरायचा आणि दुसऱ्याने शेपटीमागे गुडघे टेकून झडपा बघायच्या. रिमोटवाला ‘उजवीकडे’ म्हणाला की उजवी झडप वर गेलेली डोळ्यांनी बघायची आणि मगच ‘बरोबर’ म्हणायचं. रिमोटवाल्याने स्वतः बघायचं नाही. बघणारे दोन झाले की कोणीच नीट बघत नाही, असं गणपतचं म्हणणं होतं. गिरणीतही एका मशीनवर तो दोन तपासनीस चालू द्यायचा नाही.

दुसरा नियम पाळीचा. नव्या विमानाचं पहिलं उड्डाण एकदा त्याचं, एकदा माझं. या वेळी पाळी माझी होती.

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत आम्ही विमान टेम्पोत घालून निघालो. मुंबईत असलं काही उडवायची सोय नाही. कर्जतच्या पुढे ओळखीच्या एका माणसाचं भात कापून मोकळं झालेलं शेत होतं. टेम्पोने चेंबूर सोडलं तेव्हा गणपत म्हणाला की आजचं उड्डाण त्याला करू दे. चाळ पाडणार होते, महिन्याभरात खोली खाली करायची होती, पुढच्या जागेत विमान बांधता येईल याचा भरवसा नव्हता. तेव्हा हे बहुतेक त्याचं शेवटचंच. अगदी साधेपणाने सांगितलं त्याने. मी ‘कर’ म्हणालो. पण कसा म्हणालो ते माझं मला माहीत. अडीच वर्षं मी त्या उड्डाणाची वाट पाहिली होती, आणि याने ते मागावं, तेही मला नाही म्हणता येणार नाही अशा वेळी. सत्तरीला टेकलेला मी, शाळकरी पोरासारखा फुगून बसलो. कर्जत येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होतो आणि तो टेम्पोवाल्याशी गप्पा मारत होता, त्याचाही मला राग आला.

शेतात पोचल्यावर तारा मी लावल्या. तोंडाने गप्प, मनातल्या मनात त्याच्याशी भांडत, घाईघाईने. मग शेपटीमागे जाऊन बसलो. गणपत म्हणाला, “उजवीकडे.” मी म्हणालो, बरोबर. तो म्हणाला, “डावीकडे.” मी म्हणालो, बरोबर. दोन्ही वेळा मी समोरच्या डोंगराकडे बघत होतो. झडपांकडे बघायचं म्हणजे त्याच्या उड्डाणात रस दाखवायचा, आणि तेवढासुद्धा रस मला दाखवायचा नव्हता. हे लिहितानाही मला लाज वाटते.

विमान धावलं आणि उठलं. काय सुरेख उठलं, मी राग विसरून उभा राहिलो. वीस-पंचवीस फुटांवर वाऱ्याने त्याचा डावा पंख जरासा खाली गेला. गणपतने उजवीकडे दिलं. पंख आणखी खाली गेला. त्याने आणखी दिलं, आणि विमान कुशीवर वळून नाकावर आपटलं. सगळं मिळून दहा सेकंद झाले असतील.

गणपत विमानाकडे बघत नव्हता. आपल्या हातांकडे बघत होता.

“श्याम, मी उजवीकडेच दिलं ना रे?”

मी मोडलेल्या विमानाकडे बघू लागलो.

“हात ऐकत नाय माझे,” तो म्हणाला. गेले काही महिने सकाळच्या वेळी त्याची बोटं किंचित थरथरायची. त्याने ते मला सांगितलंही होतं आणि मी त्यावरून त्याची थट्टा केली होती.

मोडतोड गोळा करायला मी पुढे गेलो. खिट्टी शाबूत होती, आणि तिच्या डाव्या टोकाला उजवी तार अडकवलेली होती. गणपत अजून तीस-चाळीस पावलं मागे होता. मी दोन्ही तारा काढल्या आणि खिशात घातल्या. ठरवून केलं असं म्हणवत नाही. पण माझे हात जराही कापले नाहीत, हे मला पक्कं आठवतं. लाकूड आणि कापड शेताच्या कडेला पेटवून दिलं, तेही मीच. तारा घरी येऊन केरात टाकल्या.

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात. आधी म्हटलं आठवड्याभरात सांगू. मग त्यांची खोली खाली करायची धांदल सुरू झाली. मग इतके दिवस का लपवलंस, हा प्रश्न मूळ चुकीपेक्षा मोठा होऊन बसला. तोवर गणपतने रिमोट, इंजिनं, हत्यारं सगळं देऊन टाकलं होतं. डॉक्टरने तपासून सांगितलं की ही वयाची थरथर आहे, घाबरण्यासारखं काही नाही. मीही फोनवर तेच सांगत राहिलो, तुझे हात ठणठणीत आहेत म्हणून. तो नुसता हसायचा. डॉक्टरपेक्षा त्याचा त्या शेतावर जास्त विश्वास बसला होता. आणि तो विश्वास घालवणारं एकच वाक्य होतं, ते मी गिळून बसलो होतो.

गेल्या महिन्यात अंबिकावहिनींचा फोन आला. नवीन घर मिळेपर्यंत ते परळला भाड्याच्या जागेत राहतात. त्यांची अनुजा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, मुलगी झाली, बारसंही झालं. बारशाच्या दिवशी मी तापाने घरी होतो. वहिनी जरा वेळ इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग मुद्द्यावर आल्या.

“भावोजी, हे नातीला हात लावत नाहीत. बारशाला सगळ्यांनी तिला घेतली, हे आपले हात पाठीमागे बांधून भिंतीशी उभे. माझ्या हातून पडली तर, म्हणतात. तुम्ही सांगून बघा. तुमचं ऐकतील.”

फोन ठेवल्यावर दुपारभर मी खुर्चीतून उठलो नाही. एक विमान गेलं त्याचं मी दोन वर्षं मनाला समजावत होतो. हे विमानाचं राहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच परळ गाठलं. आतल्या खोलीत बाळाची अंघोळ चालली होती, शेक-शेगडीचा वास येत होता. गणपतने माझ्यासाठी स्वतः चहा टाकला, कपात गाळला आणि स्वतःचा बशीत ओतून घेतला. मी कप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. तारा मी उलट्या लावल्या, झडपांकडे बघितलंच नाही, डोंगराकडे बघत बरोबर म्हणालो, मग तारा काढून लपवल्या. पाळी गेल्याच्या रागात हे सगळं झालं, हेही सांगितलं. शिव्या खायची माझी तयारी होती. खरं म्हणजे शिव्या खायलाच मी आलो होतो.

गणपतने बशी तशीच हातात धरून सगळं ऐकलं. मग हसला, फोनवर हसायचा तसाच.

“अंबिकेने फोन केलान ना तुला?”

केला, म्हटलं, पण त्याचा काही संबंध नाही.

“श्याम, तू रागीट आहेस, पण न बघता बोलणारा नाहीस. पस्तीस वर्षं तुझ्या एका ‘बरोबर’वर विमानं उडवली मी.”

“त्या दिवशी न बघता बोललो रे.”

“माझ्यासाठी एवढं खोटं बोललास, पुरे झालं.”

मी शपथ घेतली. मुलाची घेतली, देवाची घेतली. तेव्हा तो पुढे वाकला आणि गिरणीतल्या फिटरच्या आवाजात त्याने विचारलं, “मग त्या तारा कुठायत?” त्या क्षणी त्याच्या डोळ्यांत आशा होती. ती मी पाहिली, आणि तिला दाखवायला माझ्याजवळ काहीच नव्हतं. एवढंसं तारेचं वेटोळं ठेवलं असतं तर त्याने ते हातात घेऊन, वाक बघून, कुठलं टोक कुठे लागलं होतं ते सांगितलं असतं. टाकल्या, मी म्हणालो. त्याने मान हलवली आणि मागे टेकला.

मला रडू आलं आणि राग आला, दोन्ही एकदम. मी त्याच्या हातातल्या बशीकडे बोट दाखवलं. भरलेली बशी, एक थेंब सांडला नाही, बघ म्हटलं स्वतःच.

“चहाचं काय रे,” तो म्हणाला. “सांडला तर पुसता येतो.”

तेवढ्यात अनुजा बाळाला दुपट्यात गुंडाळून बाहेर घेऊन आली. काका आलेत, आज तरी घ्या, म्हणत तिने ती गणपतपुढे धरली. तो लगेच उठून दोन पावलं मागे सरकला. हात पाठीमागे गेले, एकात एक अडकले. मला देऊ नको, श्यामकाकाला दे, म्हणाला. मी नको म्हणेपर्यंत ती माझ्या मांडीवर आलीसुद्धा. कोमट, ओलसर, पावडरचा वास येणारी, टक्क डोळे उघडून माझ्याकडे बघणारी. कशी धरावी ते मला कळेना.

गणपत तसाच पाठीमागे हात बांधून वाकला आणि तिच्याकडे बघत राहिला.

“मान धर तिची,” तो मला म्हणाला. “घाबरू नको. तुझे हात चांगले आहेत.”