खाटकाची चार पिल्लं

पाखरू चिमणीपेक्षा जेमतेम मोठं. डोळ्यांवरून काळी पट्टी, चोच शेंड्याला वाकलेली. गातं गोड, पण त्यातलं निम्मं दुसऱ्या पाखरांचं उचललेलं. नाकतोडा, सरड्याचं पिल्लू, सापडेल ते बाभळीच्या काट्याला टोचून ठेवतं. म्हणून खाटीक.

"खाटकाचं कसलं कौतुक, वंदे?" चतुराबाई सुनेला म्हणायची. "सासूला भाकर मिळंना, आन् ही बाभळीखाली बसून राह्यली."

वंदना बसायची. टेंभुर्णीच्या शिवारात, स्वतःच्या बांधावर. नर-मादीनं काड्या, कोळ्याची जाळी आणि तिच्याच रानातला कापूस नेऊन वाटी विणली, तेव्हापासून. पिल्लं निघाली, चार. त्यांची चिरचिर तिनं मोबाईलमध्ये भरून घेतली.

मग पार्थ.

जालन्याहून मोटारसायकलवर आला, गळ्यात भला मोठा कॅमेरा. तिच्या हातची भाकरी खाल्ली, ताई-ताई म्हणाला. ती पाणी आणायला वळली तेवढ्यात घरट्याभोवतालच्या फांद्या छाटून मोकळा झाला. फोटोत काही आडवं यायला नको.

फांद्या म्हणजे सावली.

मादी भर उन्हात पिल्लांवर पंख पसरून उभी राहिली, चोच उघडी टाकून. दिवसभर. दुसऱ्या दिवशी दोन पिल्लं निपचित. उरलेली दोन उघड्यावर दिसत होती, ती कावळ्यांनी नेली.

(खाटीक रडत बसत नाही. आठवड्याच्या आत जोडी दुसऱ्या बाभळीवर काड्या नेऊ लागली.)

वंदना पहिल्याच बाभळीखाली होती, फोन वाजला तेव्हा.

"ताई, फोटो एक नंबर आलाय. परवा स्पर्धेला पाठवतो. लॅपटॉप बिघडलाय, म्हणून अजून कार्डातच आहे. पिल्लं कशी आहेत?"

"मजेत. अजून एक घरटं सापडलंय. उद्या सकाळी जल्दी या. कॅमेरा आणा बरं का."

कडब्याच्या गंजीभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण. ढोरं आत शिरू नयेत म्हणून. आतून चिरचिर येत होती. पार्थ हरखला. वाकून, कॅमेरा छातीशी धरून तो आत सरकला. खांद्यापर्यंत गेला तशी वंदनानं टेकू दिलेली फांदी सोडली. ती त्याच्या पाठीवर बसली.

"ताई, अडकलो."

"दिसून राह्यलं."

"हसताय काय? काढा ना."

"हालू नका, अजून रुतंल. पिल्लं दिसली का?"

"इथं तर मोबाईल आहे."

"हाव, माझाच. आवाज त्यांचा हाय. तुमच्या फोटोतल्यांचा."

त्यानं मान वळवायला पाहिलं. कानामागून रक्ताची रेघ उतरली.

"मेली?"

"चारी. तो फोटो पुसा."

"असा फोटो पुन्हा नाही मिळत, ताई."

"मंग बसा," म्हणून ती वळली.

"थांबा, थांबा."

एक हात कसाबसा मोकळा होता. त्यानं बटणं दाबली. वंदना फटीतून वाकून बघत राहिली. चार उघडे, लालभडक जबडे पडद्यावर आले. गेले. पडदा काळा झाला.

"झालं. बिलकुल नाही राहिला. आता काढा."

तिनं बाजूला पडलेली दुसरी फांदी बुंध्याकडून धरली आणि तो जिथून आत शिरला होता ती वाट बुजवली.

"ऊन कललं की येते," ती म्हणाली.

सूर्य अजून गंजीच्या वरसुद्धा आला नव्हता.